सायफिनताई पिल्लू निवडतात

चंथाबुरीच्या रत्नबाजारात गेली एकोणीस वर्षं माझं टेबल सायफिनताईंच्या टेबलाला खेटून आहे. आमचा बाजार उलटा चालतो. घेणारा खुर्चीत बसून राहतो आणि विकणारे दलाल कागदाच्या पुड्यांत खडे घेऊन त्याच्यापुढे रांग लावतात. मला सगळे उअन म्हणतात, म्हणजे जाड्या. लहानपणी होतो तसा. आता माझी हाडं मोजता येतात, पण नाव काही सुटलं नाही.

सायफिनताईंपुढे पुडी उघडताना भल्याभल्यांचा हात जरा अडखळतो. भट्टीत भाजून रंग चढवलेला माणिक त्या एका नजरेत ओळखतात. चिमट्यात धरतात, उजेडाकडे करतात, पुडी मिटून परत देतात आणि "नको" म्हणतात. कारण सांगत नाहीत. खडा कुठला, कुणाकडून आला, हेही विचारत नाहीत. आमच्यात ते कुणीच विचारत नाही. विचारलं की दलाल काहीतरी थाप मारणार आणि ती थाप ऐकून आपली नजर बिघडणार, असं सगळ्या बाजाराचं मत आहे. खडा समोर आहे, तो बघा आणि बोला.

हीच सवय घेऊन ताई कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेल्या आणि पार तोंडघशी पडल्या.

पिल्लू हवं होतं त्यांच्या वडिलांसाठी. थोंगयूकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे. शहराबाहेर त्यांची ड्युरियनच्या फळांची बाग आहे, तिथे एकटेच राहतात. जन्मभर त्यांच्या पायाशी आमच्या किनाऱ्याकडची खोगीरवाली कुत्री राहिली. या जातीच्या कुत्र्याच्या कण्यावर केसांचा एक पट्टा उलट्या दिशेने वाढतो, पाठीवर खोगीर घातल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. हट्टी जात, पण एकदा माणसाला आपलं म्हटलं की म्हटलं. काकांची शेवटची कुत्री म्हातारी होऊन गेली तेव्हा ताईंनी ठरवलं की नवं पिल्लू आपण न्यायचं. ताई गाडी चालवत नाहीत, त्यामुळे मी आणि माझा पिकअप आलोच.

मानोप नावाच्या माणसाकडे गेलो. फरशा बसवलेले पिंजरे, काचेच्या कपाटात चषक, सगळं कसं झकपक. ताईंनी एक लाल पिल्लू उजेडात आणलं, कान बघितले, हिरड्या बघितल्या, चालवून बघितलं, खोगिराच्या दोन्ही कडा सारख्या आहेत का ते चारदा फिरवून बघितलं. वीस मिनिटांत "घेते" म्हणाल्या. मानोपने सोनेरी काठाचा नोंदणीचा कागद दिला. चार पिढ्यांची नावं होती त्यावर. ताईंनी तो न वाचता घडी घालून पिशवीत टाकला. त्याची आई कुठे आहे, हे ना त्यांनी विचारलं ना मला सुचलं. पिल्लाचं नाव ठेवलं थपथिम, म्हणजे माणिक.

थपथिम पाच महिन्यांची होऊन मेली. आधी मानेमागे फोड आला, मग मागचे पाय गेले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईंना समजावून सांगितलं. कातडीपासून कण्यापर्यंत एक बारीक नळी जन्मापासूनच होती. तिच्यात केस आणि घाण साचत जाते, पू होतो आणि तो आत पोचतो. "या जातीची ही जुनी खोट आहे," त्या म्हणाल्या. "पिल्लू लहान असतानाच पाठीची कातडी चिमटीत धरून चाचपली की सुतासारखी हाताला लागते. शिवाय आईबापांच्या आधीच्या विणीत अशी किती निघाली ते विचारायचं असतं. विचारलं होतंत?"

"नाही," ताई म्हणाल्या.

परत येताना अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या, "उअन, दगडाला आई नसते रे. मी त्या जिवाला दगडासारखं विकत घेतलं."

काकांनी थपथिमला मंगोस्टीनच्या झाडाखाली पुरलं आणि ओसरीवरच्या खुर्चीत येऊन बसले. "आता कुत्रं नको," म्हणाले. "आणलंस तर परत पाठवीन." त्यानंतर ते खुर्चीतून फारसे उठलेच नाहीत. बागेकडे पाठ करून बसायचे. झाडावरून फळ पडलं की नुसत्या आवाजावरून कुठल्या झाडाचं ते सांगणारा हा माणूस, त्याच्या बागेत फळं पडल्या जागी सडायला लागली. ताई चामुआंगच्या आंबट पानांत शिजवलेलं डुकराचं मटण घेऊन जायच्या, ते निम्मं ताटात राहायचं.

"बाबा डोळ्यांदेखत आटत चाललेत," ताई एकदा टेबलावर म्हणाल्या. "मी आणलेल्या पिल्लाने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना उठवणारही मीच."

"ताई, म्हातारा स्वतःच्या तोंडाने नको म्हणतोय ना?"

"तुला कुणी विचारलं? सोमवारी गाडी काढ."

पहिल्यांदा त्यांनी तो सोनेरी कागद काढला. टेबलावर पसरून भिंगाखाली घातला, जणू आता त्यातून माणिकच निघणार. खाली राजधानीतल्या कुठल्याशा 'सुवर्णश्वान नोंदणी मंडळा'चा फोन नंबर होता. ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला.

"कुत्रं नोंदवायचं तर काय लागतं?"

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "फोटो, आईवडिलांची नावं आणि शुल्क."

"कुणी बघायला येतं का?"

"बघायचं काय त्यात? आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

ताईंनी फोन ठेवला आणि उठल्या. बाजाराच्या तोंडाशी खेकड्याच्या शेवयांची गाडी लागते. तिच्याखाली एक कुत्रा झोपलेला असतो, अर्धा कान गायब, शेपटी जिलबीसारखी, खोगीर सोडाच पण पाठीवर धड केसही नाहीत. ताईंनी त्याचा फोटो काढला. आईबापांची नावं काय लिहायची, असा प्रश्न आला तेव्हा मी बापाच्या जागी माझ्या सासऱ्यांचं नाव सुचवलं. ताईंनी ते गंभीर चेहऱ्याने लिहिलं.

बाराव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. सोनेरी काठ, लाल शिक्का, शुद्ध खोगीरवाला, चार पिढ्या. माझ्या सासऱ्यांच्या वरच्या तीन पिढ्या मंडळाने स्वतःच शोधून काढल्या होत्या, आणि त्यांचे पणजोबा विजेते निघाले. मी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बेतात होतो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं आणि शेवयांच्या गाडीला टांगलं. गाडीवाली बाई आजही गिऱ्हाइकांना ते कौतुकाने दाखवते.

मग ताई मानोपकडे गेल्या. "थपथिमची आई दाखव."

"डॉक्टरकडे आहे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. "गावी पाठवलीय," मानोप म्हणाला.

"कुत्री गावी जाते?"

तिसऱ्या वेळी ताई त्याच्या पायरीवर बसल्या आणि उठेचनात. पिल्लू बघायला आलेली दोन कुटुंबं त्यांच्याकडे बघून आल्या पावली परत गेली. तेव्हा मानोप बाहेर आला. "ताई, मेलेल्याच्या बदली दुसरं घेऊन जा, फुकट. उगाच वाद कशाला?"

"मी वाद घालायला आले नाही. त्या आईला आधीच्या विणीत अशी किती पिल्लं झाली, एवढंच सांग. मी लगेच जाते."

मानोपने इकडेतिकडे बघितलं. "कागद दिलाय ना मी?" तो म्हणाला. ताई उठल्या, चप्पल घातली आणि गाडीत येऊन बसल्या. उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर आमची जी वणवण सुरू झाली ती आठ महिने चालली. बाजार शुक्रवार ते रविवार, म्हणून सोमवार-मंगळवार माझ्या कंबरेच्या मुळावर. एकाने घर दाखवायलाच नकार दिला, पेट्रोलपंपावर खोक्यात पिल्लं घेऊन आला. ताईंनी खोक्यात डोकावूनही बघितलं नाही. दुसऱ्याकडची पिल्लं महिन्याचीही नव्हती, तरी तो "आजच न्या, उद्या राहायची नाहीत" म्हणून हातात कोंबत होता. तिसरीने चहा पाजला, आई दाखवली, बापही दाखवला, मला तर वाटलं सुटलो एकदाचे. तेवढ्यात ती म्हणाली, "वीस वर्षांत माझ्याकडे खोट असलेलं एकही पिल्लू निघालं नाही." ताईंनी कप खाली ठेवला.

"आता काय झालं?" मी गाडीत विचारलं. "चांगली होती की बाई."

"या जातीत वीस वर्षं एकही खोट नाही म्हणणारा एकतर बघत नाही नाहीतर सांगत नाही. दोन्ही मला नकोत."

"मग काय, खोट आहे म्हणणाऱ्याकडून घेणार?"

"हो," ताई म्हणाल्या. मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं असेल.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच प्रायूममावशींचं नाव सांगितलं. त्राटकडे जाताना खाओ समिंग गाव लागतं, तिथे त्या चिकासाठी रबराची झाडं चिरतात आणि दोन-तीन वर्षांतून एकदा कुत्रीची वीण घेतात. पासष्टीची काटकुळी बाई. आम्ही हात जोडले तर म्हणाल्या, "आधी जेवा." जेवलो. पिल्लांचा आवाज मागच्या बाजूने येत होता, पण मावशींनी तिकडे बघूही दिलं नाही. ताटं उचलली आणि त्यांनी ताईंचीच उलटतपासणी सुरू केली.

"कुणासाठी हवंय?"

"वडिलांसाठी. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत."

"आधीचं कशाने गेलं?"

ताईंनी सांगितलं.

"त्याची आई बघितली होतीस?"

"नाही."

"का?"

ताईंनी आमच्या बाजाराची रीत सांगितली. मावशी खो खो हसल्या. "म्हणजे नवरा बघतानाही तोंड उघडून दातच बघितले असशील."

"म्हणून तर तो टिकला नाही," ताई म्हणाल्या. मग त्याही हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या.

"वडील चौऱ्याऐंशीचे म्हणतेस. कुत्री बारा-तेरा वर्षं जगते. ते गेल्यावर हिला कोण बघणार?"

"मी."

"बाजारात नेशील?"

"माझ्या टेबलाखाली बसेल."

तेव्हा कुठे मावशी उठल्या. आधी आई बाहेर आली, करड्या रंगाची, अंगाने भरलेली. तिने ताईंना हुंगलं आणि माझ्यावर गुरगुरली. मग मावशींनी एक शाळकरी वही आणली. प्रत्येक विणीचं एक पान. किती जन्मली, किती बिनखोगिराची, किती नळीची, किती मेली, कुठलं कुणाच्या घरी गेलं. त्यांचं नोंदणी मंडळ म्हणजे ही जात पाळणारी अकरा घरं. नोंदणीचा कागद साधा, काळ्या शाईचा, कोपऱ्यात चहाचा डाग पडेल असा. पण त्याची रीत वेगळी होती. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की दुसऱ्या गावातले दोन सभासद येतात आणि एकेकाची पाठ चाचपतात. ज्याची पिल्लं त्याने हात लावायचा नाही. जन्मलेली आणि समोर असलेली संख्या जुळली नाही, तर अख्ख्या विणीची नोंद होत नाही.

ताईंनी वहीतले तीन फोन नंबर लावले, मावशींच्या समोरच. दोघांनी कौतुक केलं. तिसरा म्हणाला, "आमच्या कुत्र्याला वर्षाने नळी निघाली. मावशी स्वतः आल्या, शस्त्रक्रिया होईपर्यंत दवाखान्यात बसल्या. कुत्रा ठणठणीत आहे." ताईंनी फोन ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली.

पिल्लं सहा होती. एक नळीचं, ते मावशींकडेच राहणार होतं. एक बिनखोगिराचं, ते नणंदेला द्यायचं होतं. उरलेली चार मंडळाने पास केली होती. ताई जमिनीवर मांडी घालून बसल्या. चाळीस वर्षं राईएवढे खडे निवडलेली त्यांची बोटं, ती त्या पहिल्या पिल्लाच्या मानेवरून शेपटीपर्यंत गेली. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या मानेखाली थांबली. कातडी उचलली, चिमटीत फिरवली, सोडली, पुन्हा उचलली.

"मावशी, इथे."

दोन तपासनीस पास करून गेलेलं पिल्लू, आणि ही पाहुणी त्यात खोट काढतेय. आता बाई आम्हाला हाकलणार, एवढंच मला कळत होतं. मावशी खाली बसल्या. केस ओले केले, डोळे मिटले आणि चाचपत राहिल्या. फार वेळ लागला.

"आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच मंडळाला फोन केला. "तिसरं काढून टाका. हो, तुम्ही बघून गेलात. मग चुकलात. आणि सहात दोन निघाली, म्हणजे ही जोडी मी पुन्हा लावणार नाही, तेही लिहून घ्या." मग वही उघडली आणि आपल्याच सर्वांत लाडक्या कुत्रीच्या पानावर ते लिहायला लागल्या. अक्षर ओळीखाली घसरलं, तरी पूर्ण लिहिलं.

"चला ताई," मी कुजबुजलो. "इथेही तेच."

"इथेच घ्यायचं," ताई म्हणाल्या. "आठ महिन्यांत पहिलं माणूस बघतेय जे स्वतःच्या विरुद्ध लिहितंय."

त्या दिवशी मावशींनी पिल्लू दिलंच नाही. पंधरा दिवस थांबायला लावलं, पुन्हा सगळ्यांच्या पाठी बघितल्या गेल्या, या वेळी डॉक्टरीणबाईही होत्या. मग ताईंनी आईच्याच रंगाची एक मादी घेतली. "पुढे कधी काही लागलं तर पहिला फोन मला करायचा," मावशी म्हणाल्या. "लाजायचं नाही."

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बागेत पोचलो. काका खुर्चीत होते. त्यांनी ताईंच्या हातातलं गाठोडं बघितलं. "परत ने," म्हणाले.

ताईंनी पिल्लू काकांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरल्या. काकांनी हात खुर्चीच्या दांड्यांवरून हलवले नाहीत. पिल्लू धडपडत कडेला आलं, घसरलं, आणि त्या हातांनी ते पटकन झेललं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्याच्या मानेमागे गेली. कातडी उचलली, फिरवली, सोडली. बोटभर खाली, पुन्हा. शेपटीच्या मुळापर्यंत तसंच. हुबेहूब प्रायूममावशींसारखं.

"बाबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय? माझा बाप प्रत्येक पिल्लाला असंच बघायचा."

"मग थपथिमला?"

काका पिल्लाकडेच बघत राहिले. "पहिल्याच दिवशी लागलं होतं. मानेखाली. भाताच्या काडीएवढं."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू केवढी खुशीत होतीस. मी म्हटलं, तशी काही कुत्री जगतात, हीही जगेल. रोज हळद लावायचो. मी कुत्र्याला नको म्हणत नव्हतो गं. पुन्हा हाताला तसं लागलं असतं तर पुन्हा तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसावं लागलं असतं. तेवढं बळ नव्हतं माझ्यात."

मला रडू यावं की हसू, कळेना. माझी कंबर, आठ महिन्यांचे सोमवार, आणि परीक्षक इथे खुर्चीत बसलेला. ताई भडकतील असं मला वाटलं, आणि भडकल्या असत्या तर मी त्यांचीच बाजू घेतली असती. पण त्या काकांच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"आता माझ्या तोंडाकडे बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा. हाताला काय लागतंय तेवढंच सांगा. असेल तर आहे म्हणा."

काकांनी डोळे मिटले. बोटं पुन्हा मानेपासून निघाली. त्या म्हाताऱ्या हाताला कण्यावरून खाली उतरायला किती वेळ लागला ते मला सांगता यायचं नाही.

"काही नाही," काका म्हणाले. "पाठ स्वच्छ आहे."

एकोणीस वर्षांत मी सायफिनताईंना रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. काकांनी थोडा वेळ त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. पिल्लू चुळबुळ करायला लागलं.

"सर बाजूला," ते म्हणाले. "हिला खाली न्यायला पाहिजे, नाहीतर इथेच करेल. माझ्या चपला कुठे आहेत?"

ताई डोळे पुसत उठल्या. इतक्या महिन्यांत त्या चपला कुणाला लागल्याच नव्हत्या, कुठे गेल्या तेही माहीत नव्हतं. आम्ही दोघं घरभर शोधत राहिलो. सापडून बाहेर आणेपर्यंत काका अनवाणीच पायऱ्या उतरून झाडांत गेले होते.